नोकरी सोडून मिरजेत तानपुरे करायला शिकायचं आहे. तुमचं मत हवंय.

कृष्णाकाठ

मंडळी, धागा लांबणार आहे, पण मोजक्या ओळींत मांडता येईल असा हा विषय नाही.

वय 37. मूळ सांगलीचा, नोकरीमुळे पुण्यात. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी चौथीत. मला नोकरी सोडून मिरजेत तानपुरा बनवायचं काम शिकायचं आहे. छंद म्हणून नाही, पुढे त्यावरच घर चालावं म्हणून.

माझं सध्याचं काम म्हणजे अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या विमा दाव्यांचा मेळ घालणं. रुग्णालयाने मागितलेली रक्कम एका रकान्यात, विमा कंपनीने दिलेली दुसऱ्या रकान्यात. जुळली तर पुढचा दावा. नाही जुळली तर कारणाचा कोड टाकायचा आणि दावा पुढच्या टीमकडे ढकलायचा. तिथे त्याचं काय होतं, ते मला कधीच कळत नाही. त्या माणसाला पैसे मिळाले का, तो बरा झाला का, माझ्या कोडमुळे कोणाचं काही अडलं का, काहीच नाही. पगार वेळेवर होतो, साहेब समजूतदार आहेत, टीम चांगली आहे. म्हणूनच घरी सांगणं जड गेलं. कामावर छळ होत असता तर सगळ्यांनी 'सोड' म्हटलं असतं. चांगल्या नोकरीत आपण आतून वाळत चाललोय हे कोणाला पटवायचं कसं?

मिरजच का? लहानपणी वडील मिरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसाच्या गाण्याला न्यायचे. किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मृतीसाठी तिथे दर वर्षी गवई येऊन सेवा रुजू करतात. खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर त्याच दर्ग्याच्या आवारात आहे. गाणं मला कधी आलं नाही, पण मागे वाजणाऱ्या तानपुऱ्यांकडे लक्ष जायचं. पुढे आईचा जुना तानपुरा तडकला, तो घेऊन मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलो आणि तिथल्या एका वाद्यांच्या कारखान्याच्या उंबऱ्यावर बसलो तो बसूनच राहिलो. तेव्हापासून सुट्टी मिळाली की मी तिथे असतो. आता तिथल्या चाचांनी शिकवायचं कबूल केलंय. पहिली दोनतीन वर्षं कमाई जवळजवळ शून्य, हेही त्यांनीच सांगितलं.

घर चालवायला थोडी शिल्लक आहे, बायकोचा पगार आहे, गृहकर्जाचे हप्ते बाकी आहेत. असा बदल ज्यांनी केलाय किंवा विचार करून टाळलाय, अशा दोघांचंही ऐकायचं आहे.

अण्णा_पेन्शनर

बाळा, मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात आयुष्य काढलं. रकाने, बेरजा, शेरे. मला कोणी विचारलं नाही की तुला त्यात आनंद मिळतो का, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. त्या रकान्यांवर दोन मुली शिकल्या. त्या कामाला कोणी कमी लेखलेलं मला आवडत नाही. तू लेखलं आहेस असं नाही, पण हल्ली तसा सूर फार ऐकतो.

एक गोष्ट विचारतो. कंटाळा तिथे येणार नाही असं तुला का वाटतं? लाकूड तासणं, घासणं, पॉलिश चढवणं, परत घासणं. हेही रोज तेच आहे. उंबऱ्यावर बसून बघणाऱ्याला कोणतंही काम सुंदर दिसतं. आत बसून, कोणी न बघता, पाठ भरून येईपर्यंत ते करून बघितलंस का?

हिशेबनीस

मनाचं तुमचं तुम्ही ठरवा, मी पैशांपुरतं बोलतो. राजीनामा देण्याआधी हे बघून घ्या.

एकाच कंपनीत सलग 5 वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी मिळते. ढोबळ हिशेब: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज, तिला 15 ने गुणून 26 ने भागायचं, आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. 5 वर्षांना थोडे दिवस कमी असतील तर थांबा.

भविष्य निर्वाह निधीतला पेन्शनचा भाग वेगळा असतो. त्यात एकूण 10 वर्षांची सेवा भरली की 58 व्या वर्षी पेन्शनचा हक्क येतो. आधीच्या कंपन्यांची वर्षं त्यात जोडली गेलीत ना, हे आजच तपासा. खूप लोकांची जुनी खाती तशीच लोंबकळत पडलेली असतात. आणि ती रक्कम 'कारखान्यात घालू' म्हणून काढू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आरोग्य विमा. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. नोकरीत असतानाच घराची स्वतंत्र पॉलिसी घ्या, किंवा त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते विचारा. आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षेचा काळ लागतो, तो 3 वर्षांपर्यंत असू शकतो. तो काळ पगार चालू असताना सुरू झालेला बरा.

कर्जाची फेरमांडणी करायची असेल, हप्ता कमी करून घ्यायचा असेल, तर तेही पगाराची स्लिप हातात असतानाच. नंतर बँक तुम्हाला ओळख देणार नाही.

रेवा

मी ख्याल शिकते, आणि माझा तानपुरा मिरजेचाच आहे, म्हणून राहवलं नाही.

चांगली जवारी लागलेला, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात ती नेमकी घासून तारांना गुंजता आवाज आणलेला तानपुरा मागे असला की गळ्याला आपोआप जागा सापडते. पंचम, दोन जोडीचे षड्ज आणि खर्ज (खालचा षड्ज) अशा चारच तारा, पण नीट जुळल्या की त्यांच्यातून गंधार ऐकू यायला लागतो, जो कोणी छेडलेलाच नसतो. रियाजाला बसणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. पण तो गंधार ज्यांच्या हातांतून येतो त्यांची आठवण आम्ही गाणारे किती ठेवतो?

दुसरी बाजूही सांगते. चाळीसेक वर्षांपूर्वी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, आता मोबाईलवर फुकट ॲप आहेत. माझ्या क्लासमधल्या बहुतेक मुलींकडे खरा तानपुरा नाही. छोट्या फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नाही, बसमधून नेता येत नाही, सुरात लावायला वेळ लागतो. तुम्ही हे बघून उतरा.

कृष्णाकाठ

हिशेबनीस, मनापासून आभार. जुनं खातं जोडलेलं नव्हतं, अर्ज केला.

अण्णा, तुमचा प्रश्न मला दोनतीन दिवस पुरला. उत्तर नीट देतो.

कंटाळा तिथे आहे, आणि तो मी थोडा चाखलाय. पंढरपूर, मंगळवेढ्याकडून वाळलेले कडू भोपळे येतात. ते पाण्यात भिजवून मऊ करायचे, कापायचे, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या, मग आतून काठ्यांचा ताण देऊन आकार आणायचा आणि सुकू द्यायचे. चाचांनी मला सुरुवात तिथूनच करायला लावली, खरवडण्यापासून. वास उग्र असतो, हात कडू होतात, त्याच हाताने चुकून ओठ पुसला तर दिवसभर तोंड कडू. तून नावाच्या झाडाच्या लाकडाची तबली (भोपळ्याच्या तोंडावर बसते ती फळी) घासायला दिली तेव्हा तर एकच हालचाल सतत, खांद्यात गोळा येईपर्यंत.

पण तबली घासताना मधूनमधून चाचा टिचकी मारून ऐकवतात. घासण्याआधी एक आवाज, नंतर वेगळा. पहिल्यांदा मला फरक कळला नाही. हळूहळू कळायला लागला. म्हणजे तीच हालचाल करता करता माझा कान बदलला. माझ्या ऑफिसच्या कामात हे कधी झालं नाही. पहिल्या वर्षी मी जेवढा जाणता होतो तेवढाच आज आहे, फक्त वेग वाढला. दोन्ही कामं तीच तीच आहेत हे तुमचं म्हणणं खरं आहे. एक मला काही शिकवत नेतं आणि दुसरं शिकवायचं थांबलंय, एवढाच माझ्यापुरता फरक आहे. पण तो फार मोठा आहे.

तुमच्या लेखा विभागाबद्दल मला आदरच आहे. तुमच्या एका शेऱ्याने एखाद्या गावचा रस्ता अडत असेल किंवा होत असेल, आणि ते तुम्हाला दिसत असेल. मला तसं काहीच दिसत नाही.

ताम्हण

मी विचार करून टाळलेल्यांपैकी.

वीज कंपनीत कामाला आहे, कामाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दर वर्षी राज्य नाट्य स्पर्धेत आमच्या संस्थेचं नाटक असतं. पावसाळा संपला की तालमी सुरू. संध्याकाळी साडेसातला हॉलवर पोचलो की दिवसभराचं सगळं गळून पडतं. मुंबईला जाऊन नशीब काढावं असं एकदा फार वाटलं होतं. गेलो नाही, आणि आज त्याची हळहळ नाही. नाटकावर माझं पोट अवलंबून नाही, त्यामुळे मला जे नाटक करायचं तेच मी करतो. पोटासाठी केलं असतं तर मालिकेत मिळेल ती भूमिका करावी लागली असती.

नोकरी रटाळ असली तरी ती संध्याकाळ मोकळी देत असेल तर तेही देणंच आहे. तुम्ही शनिवार-रविवार मिरजेला जाऊनच हे शिकू शकणार नाही का?

पाऊसवेडी

मला बोलायचं आहे ते थोडं कडक आहे, राग मानू नका.

पूर्ण धाग्यात वहिनींबद्दल एकच वाक्य आहे: 'बायकोचा पगार आहे.' तो पगार आहे म्हणून तुम्हाला मनासारखं काम निवडता येतंय. त्यांना त्यांची शाळा आवडते का? त्यांनाही कधी काही सोडावंसं वाटलं असेल, तर आता पुढची दोनतीन वर्षं त्यांची ती वाट बंद. शिवाय तुम्ही मिरजेत आणि त्या पुण्यात म्हणजे मुलीचा अभ्यास, आजारपण, शाळेची ने-आण सगळं त्यांच्यावर. माझ्या ओळखीच्या एका घरात नवऱ्याने असाच 'मनाचा कौल' घेतला, आणि बायको दोन शिकवण्या जास्त घेऊ लागली. कौल दोघांचा हवा.

कृष्णाकाठ

राग अजिबात नाही. तुमचा प्रतिसाद मी तिला वाचायला दिला.

तिला वर्ग आवडतो, वर्गाबाहेरची कागदपत्रं आणि सर्वेक्षणं आवडत नाहीत. तिला पुढे विशेष मुलांना शिकवण्याचा अभ्यासक्रम करायचा आहे. हे तिने मला पूर्वी सांगितलं होतं, पण त्याचं वर्ष कधी ठरलं नव्हतं. काल ठरवलं. माझी शिकाऊ वर्षं संपली की पुढची पाळी तिची, तेव्हा घर मी चालवायचं. तोवर माझी कमाई उभी राहिली नाही तर मी परत नोकरी धरायची, तिने वाट बघत बसायचं नाही. हे आम्ही वहीत लिहून ठेवलं, दोघांनी सह्या केल्या.

ताम्हण, तुमचं वाचून हेवा वाटला. सुट्टीच्या दिवसांत मी जेवढं शिकायचं तेवढं शिकलो. पण भोपळा सुकतो तो सुट्टी बघून सुकत नाही. दांडी चिकटवली की पुढचं काम नेमक्या वेळी करावं लागतं. आठवड्याने गेलं की ते दुसऱ्या कोणीतरी केलेलं असतं, आणि मला तुकडेच बघायला मिळतात. ऑफिसमध्येही तुकडेच आहेत.

खुंटी

नमस्कार. नेहमी वाचतो, लिहितो कमी. मी त्याच गल्लीत वाढलो. माझे वडील, आजोबा, पणजोबा याच कामात. मी नाही. मी सांगलीत एका खाजगी कार्यालयात आहे. तुम्ही ज्या कामातून बाहेर पडताय तसल्याच.

आधी थोडा इतिहास, कारण तो या धाग्याशी जोडलेला आहे. आमचे पूर्वज शिकलगार. हत्यारांना धार लावणं, ती दुरुस्त करणं हे काम. इंग्रजी अमलात हत्यारांची मागणी गेली, हात रिकामे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आमच्यातल्या फरीदसाहेब शिकलगारांनी वाद्यं करायला घेतली, संस्थानचा आश्रय मिळाला, आणि पुढे तीच आमची ओळख झाली. तेव्हा त्यांना कोणी विचारलं नव्हतं की यात समाधान मिळेल का. भाकरीसाठी धंदा बदलला. समाधान असेल तर ते पुढे काम करता करता आलं असेल.

आता आजचं सांगतो. एक तानपुरा एका हातात पूर्ण होत नाही. भोपळा-दांडीचं काम एकाकडे, नक्षी दुसऱ्याकडे, पॉलिश तिसऱ्याकडे, जवारी अनुभवी माणसाकडे. माल बऱ्याचदा मोठ्या शहरांतल्या दुकानदारांकडे जातो, आणि दुकानातली किंमत व कारागिराच्या हातात पडणारी रक्कम यांत फार अंतर आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आम्हाला अभिमान आहे, दुसरं कोणी मिरजेचं नाव लावून माल विकू शकणार नाही. पण त्या कागदाने ऑर्डर येत नाही. केंद्राची विश्वकर्मा योजना 2023 मध्ये आली, तिच्यात अठरा व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, अगदी मासेमारीची जाळी विणणारेसुद्धा. वाद्य करणारे त्या यादीत नाहीत.

वडिलांच्या छातीत लाकडाची धूळ गेली. पाठ गेली. त्यांनीच मला शिकायला पाठवलं, या कामात बसू दिलं नाही. मी गेलो त्याचं वाईट वाटत नाही. पण घरी गेलो की अजूनही वडील कोणाचा तरी तानपुरा मांडीवर घेऊन जवारी काढत असतात. शेवटची तार बोलायला लागली की ते डोळे मिटतात. माझ्या कामात माझे डोळे असे कधी मिटले नाहीत. म्हणून तुम्हाला 'येऊ नका' असं माझ्या तोंडून निघत नाही.

आलात तर एक करा. नवीन तानपुरे विकून जगायचं स्वप्न ठेवू नका. गवई आयुष्यात एकदोन तानपुरे घेतो. जवारी मात्र वाजवून झिजते, ती पुन्हापुन्हा काढावी लागते. खुंटी ढिली होते, भोपळा तडकतो, प्रवासात दांडीचा सांधा सुटतो. गाणारे पुण्या-मुंबईत जास्त, आणि दुरुस्तीसाठी त्यांना मिरजेच्या माणसाची वाट बघावी लागते. घोडी घासायला शिका. सगळ्यात उशिरा येतं ते, पण पोट भरलं तर त्यावरच भरेल.

रेवा

खुंटी, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. आणि हे अगदी खरं आहे. आमच्या गुरुजींकडे मिरजेचे कारागीर वर्षातून ठरलेल्या वेळी येतात, तेव्हा ओळखीतले सगळे आपापले तानपुरे घेऊन जमतात. मधल्या काळात बिघडला तर तो तसाच भिंतीला टेकून राहतो, आणि आम्ही ॲप लावतो. म्हणजे ॲप जागा घेतं त्याला काही प्रमाणात दुरुस्ती न मिळणं हेही कारण आहे. पुण्यात कायम असणारा जाणता माणूस मिळाला तर मीच पाचसहा जणींची नावं आज देईन.

अभ्यासू_पोपट

संघटनशास्त्र शिकवतो म्हणून थोडी भर. 1970 च्या दशकात हॅकमन आणि ओल्डहॅम या दोघांनी कामात अर्थ कशामुळे वाटतो याची मांडणी केली. वेगवेगळी कौशल्यं लागणं, काम आरंभापासून शेवटापर्यंत आपल्या हातून होणं, त्याचा दुसऱ्या कोणावर परिणाम होणं, स्वतः ठरवण्याची मोकळीक, आणि काम कसं झालं हे कामातूनच कळणं. कृष्णाकाठ यांच्या ऑफिसातल्या वर्णनात यातलं जवळपास काहीच नाही. चाचांची टिचकी म्हणजे यातलं शेवटचं.

पण खुंटी यांनी सांगितलेली कामाची वाटणी लक्षात घ्या. कारखान्यात राहिलात तर तिथेही एक तुकडाच वाट्याला येईल. दुरुस्ती करणाऱ्याकडे मात्र वाद्य अख्खं येतं, आणि ते वाजवणारा माणूस समोर बसलेला असतो.

अण्णा_पेन्शनर

तुझं उत्तर वाचलं. तुझं कान बदलल्याचं म्हणणं पटलं. माझ्याही कामात होतं ते, पहिल्यांदा कोणी तरी ते शब्दांत मांडलं. ताळेबंद नुसता चाळला तरी कुठे खोट आहे ते मला कळायचं, आकडा सापडायच्या आधी. मला वाटायचं तो नुसता सराव.

वहीतल्या सह्यांचं चांगलं केलंत. सूनबाईंचा अभ्यासक्रम पुढे ढकलू नकोस. धुळीसाठी चांगला मास्क घे, रुमाल बांधून भागवू नकोस.

कृष्णाकाठ

उशिरा लिहितोय, कारण मधे बरंच घडलं.

राजीनामा दिला. नोटिशीचा काळ संपला की सांगलीला आईवडिलांकडे राहीन, रोज सिटी बसने मिरज, शुक्रवारी रात्री पुण्याला. विमा नोकरीत असतानाच काढला, कर्जाचा हप्ता थोडा कमी करून मुदत वाढवून घेतली. साहेबांनी कारण विचारलं, सांगितलं, त्यांच्या मुलीचा तानपुरा माळ्यावर पडलाय म्हणाले.

खुंटी, तुम्ही सांगितलेलं चाचांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, बरोबर सांगितलंय, पण जो भोपळ्यापासून शिकला नाही त्याला दुरुस्तीत नेमकं काय बिघडलंय ते सापडत नाही. म्हणून पहिलं वर्ष पूर्ण वाद्य, सगळ्या हातांखालून. घोडी त्यानंतर. मग पुण्यात दुरुस्तीचं बघायचं. घोडी पूर्वी सांबरशिंगाची करत, आता त्यावर बंदी आहे, म्हणून हाड, शिसव किंवा कृत्रिम पदार्थ. प्रत्येकावर कानस वेगळी चालते, हेही तेव्हाच शिकायचं. मास्क घेतला, आणि चाचांसाठीही एक नेला. त्यांनी तो खिळ्याला अडकवून ठेवलाय, पण मी पिच्छा सोडणार नाही.

पाऊसवेडी, तिचा अर्ज कधी करायचा ते कॅलेंडरवर लिहिलंय, स्वयंपाकघरातल्या.

रेवा

अभिनंदन! एक विचारू? माझ्या तानपुऱ्याचा खर्ज हल्ली नुसता घरघरतो, सूर धरत नाही. बाकीच्या तारा ठीक आहेत.

कृष्णाकाठ

मला अजून जवारीला हात लावू देत नाहीत, त्यामुळे माझं मत नको. उद्या चाचांना विचारून लिहितो. तोवर घोडीवर त्या तारेखाली जो सुती दोरा आहे तो केसभर मागेपुढे सरकवून बघा, आणि तार किती जुनी आहे ते सांगा. पितळेची असेल तर आधी तीच बदलायला सांगतील. घोडी मात्र स्वतः घासू नका, एकदा जास्त उतरली की परत भरता येत नाही.